बागेतील अल्पदाब दिव्यांसाठी रोहित्राची निवड : शब्द आणि वस्तू

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्या विभागात बहुधा कोशांच्या आधाराने होते. इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता, तो व्युत्पत्तीस धरून आहे की नाही, तो रुळला की नाही, एवढे प्रश्न विचारले म्हणजे परिभाषेचा विचार संपला असे आपण समजतो. परंतु पारिभाषिक शब्दाची खरी कसोटी तो शब्द उच्चारून एखादा मनुष्य दुकानात वस्तू मागतो तेव्हा लागते. मागितलेली वस्तू आणि मिळालेली वस्तू एकच असेल तर शब्दाने आपले काम केले. नसेल तर तो कितीही शुद्ध असला तरी व्यवहारात निरुपयोगी ठरतो. प्रस्तुत लेखात अशाच एका शब्दाचा, आणि त्याहून अधिक त्या शब्दाने निर्दिष्ट होणाऱ्या वस्तूचा, विचार करावयाचा आहे. शब्द आहे ‘ट्रान्सफॉर्मर’. वस्तू आहे बागेतील कमी दाबाच्या एलईडी दिव्यांना वीज पुरविणारे साधन. आणि स्थळ आहे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके.

स्थळ सहेतुक निवडले आहे. मुंबई–नाशिक मार्गालगतची आसनगाव, आटगाव, खर्डी ही गावे आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुरबाड, सरळगाव, टोकावडे ह्या पट्ट्यांत शहरवासीयांची शेतघरे आणि कृषिपर्यटनाची केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांच्या आवारात पायवाटेच्या कडेला, आंब्याच्या बुंध्याशी, विहिरीच्या कठड्यावर आणि अलीकडे पोहण्याच्या हौदातही दिवे लावण्याची पद्धत पडली आहे. मालक आठवड्यातून एक-दोन दिवस येतो. दिवे जोडणारा वायरमन स्थानिक असतो. आणि पावसाळ्यात ओल्या गवतावरून अनवाणी फिरून त्यांची निगा राखणारा माळी किंवा रखवालदारही स्थानिकच असतो. साधन चुकीचे निवडले गेले तर पैशाचा तोटा मालकाचा होतो. जिवाचा धोका मात्र रखवालदाराला आणि त्याच्या मुलाबाळांना असतो. हा विषय वरवर शोभेचा दिसला तरी तेवढाच नाही, तो ह्यामुळे.

प्रथम शब्दाकडे वळू. ज्या यंत्राला आपण आज ट्रान्सफॉर्मर म्हणतो त्याला इंग्रजीतही आरंभी हे नाव नव्हते. गोलार आणि गिब्ज ह्यांनी १८८२च्या सुमारास पुढे आणलेल्या साधनाला त्यांनी ‘दुय्यम जनित्र’ अशा अर्थाचे नाव दिले होते. बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यात झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी ह्या तिघांनी १८८५ साली बंद गाभ्याचे यंत्र सिद्ध केले, आणि ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांपैकी ब्लाथी ह्यांना दिले जाते. हा नामबदल लक्षणीय आहे. पहिल्या नावात यंत्र वीज ‘निर्माण’ करते अशी कल्पना होती. दुसऱ्यात ते विजेचे केवळ रूप पालटते अशी. दुसरी कल्पना अधिक खरी, म्हणून ते नाव टिकले असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत शासकीय व वृत्तपत्रीय लेखनात ‘रोहित्र’ हा शब्द स्थिर झाला आहे. हिंदीने ‘परिणामित्र’ स्वीकारला. दोहोंत प्रत्यय एकच. पाणिनीने ज्या मोजक्या धातूंना साधनवाचक ‘इत्र’ प्रत्यय सांगितला त्यांत खन्, लू, चर् इत्यादी धातू येतात. खनित्र आणि लवित्र ही त्याची उदाहरणे होत. रुह् धातू त्या यादीत नाही; ‘रोहित्र’ हे सादृश्याने घडलेले रूप दिसते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यात दोष काढण्याचे कारण नाही. अडचण आहे ती अर्थाची. रुह् म्हणजे चढणे, वाढणे. वीजकेंद्रातून निघालेल्या विजेचा दाब चढविणारे यंत्र ह्या शब्दाने यथार्थ सूचित होते. पण गावाच्या वेशीवरील यंत्र ११ किंवा २२ किलोव्होल्टांचा दाब ४३३ व्होल्टांवर उतरविते, आणि बागेतील साधन २३० व्होल्टांचा दाब १२ किंवा २४वर. आपल्या वाट्याला येणारी बहुतेक रोहित्रे अशी चढविण्याऐवजी उतरविणारीच असतात.

बोलीत मात्र गावाच्या वेशीवरील यंत्राला कोणी रोहित्र म्हणत नाही. ते ‘डीपी’ होय. वाचकांनी सहज लक्ष दिले तर त्यांना आढळेल की एकाच यंत्राला मराठीने तीन नावे आणि तीन लिंगे दिली आहेत: ट्रान्सफॉर्मर जळाला, डीपी जळाली, रोहित्र जळाले. ग्रामस्थाच्या तोंडी दुसरे वाक्य, कार्यालयाच्या पत्रात तिसरे. पहिले वाक्य दोहोंच्या मध्ये कोठेतरी वावरते, आणि लहान साधनांच्या बाबतीत तर सर्वस्वी त्याचेच राज्य आहे. मोबाइल भारित करणारे ते ‘चार्जर’, नळीच्या दिव्यातले ते ‘चोक’. ह्या दोन विशेषांखेरीज वीज घेऊन वीज देणारी जी जी पेटी असेल ती ‘ट्रान्सफॉर्मर’. येथून खऱ्या घोटाळ्यास प्रारंभ होतो. शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत ‘बागेच्या दिव्यांसाठी बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर’ मागितला असता त्या एका नावाखाली चार भिन्न वस्तूंपैकी कोणतीही पुढे येऊ शकते. चौघींवर ‘१२ व्होल्ट’ हे शब्द किंवा त्यांच्याशी मिळताजुळता आकडा असू शकेल. चौघींचे वर्तन मात्र सारखे नसते.

पहिली वस्तू म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकात २३० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्यात दाब उत्पन्न होतो, आणि तो वेढ्यांच्या प्रमाणात असतो. २३०चे १२ करावयाचे तर हे प्रमाण साधारण १९ला १. ही वस्तू जड असते, किंचित गुणगुणते, आणि तिच्यात बिघडण्याजोगे फारसे काही नसते. आत शिरणारा प्रवाह प्रत्यावर्ती, बाहेर पडणाराही प्रत्यावर्ती, दोन्हींची वारंवारता ५० हर्ट्‌झ. जुन्या हॅलोजन दिव्यांसाठी ही उत्तम होती.

दुसरीला बाजारात ‘इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर’ म्हणतात. ही हलकी व स्वस्त. तीही प्रत्यावर्ती प्रवाहच देते, पण त्याची वारंवारता हजारो हर्ट्‌झांची असते. हिचा जन्मही हॅलोजनसाठी झाला, आणि म्हणून तिला किमान भार लागतो; कित्येक पेट्यांवर २० वॅटांपासून ६० वॅटांपर्यंत अशी मर्यादा छापलेली असते. ५० वॅटांचा हॅलोजन काढून त्या जागी ५ वॅटांचा एलईडी बसविला की पेटीला पुरेसा भार मिळत नाही आणि दिवा लुकलुकू लागतो. दिवा खराब निघाला असे समजून तो परत केला जातो. नवा येतो, तोही लुकलुकतो.

तिसरी वस्तू स्थिरदाब दिष्ट पुरवठा. हिला कोणी ‘एसएमपीएस’ म्हणतात, कोणी ‘ॲडॉप्टर’, कोणी ‘ड्रायव्हर’. आत येणाऱ्या दाबात बराच चढउतार झाला तरी ही १२ किंवा २४ व्होल्टांचा दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह स्थिर दाबाने देते. एलईडीच्या पट्ट्या आणि बागेतील बहुतेक कमी दाबाचे दिवे ह्याच वस्तूची अपेक्षा करतात.

चौथीलाही ‘ड्रायव्हर’ हेच नाव आहे, पण ती तिसरीच्या नेमकी उलट. ती दाब स्थिर राखीत नाही. ती प्रवाह स्थिर राखते, ३५० किंवा ७०० मिलिअँपिअर, आणि दाब भाराप्रमाणे बदलू देते. उघड्या एलईडी एकापुढे एक अशा माळेने जोडलेल्या असतात तेथे ती लागते. स्थिरदाबाच्या पट्टीला स्थिरप्रवाहाची पेटी जोडली, किंवा प्रवाहमर्यादा नसलेल्या उघड्या एलईडीला थेट स्थिरदाब दिला, तर एलईडी जळण्याचा संभव असतो. येथे एकाच शब्दाचे दोन अर्थ परस्परविरोधी आहेत. आणि ज्यास वाहनाचा ड्रायव्हर हा अर्थ तेवढा परिचित आहे त्याला तर तो शब्द काहीच सांगत नाही.

ह्या चारांपैकी कोणती घ्यावी? शहापूर–मुरबाडच्या परिस्थितीत उत्तर बहुधा तिसरीचे येते, आणि बारापेक्षा चोविसाचे. तसे का, हे पाहावयाचे तर तारेच्या लांबीचा विचार केला पाहिजे. ह्या सर्व विषयाचे मर्म तेथे आहे, आणि खरेदीच्या वेळी त्याचीच विचारपूस सर्वांत कमी होते.

डीपीपासून लांबच्या वस्तीवरील शेवटच्या घरात संध्याकाळी पंखा मंद फिरतो, हा अनुभव ह्या भागात कोणास नवा नाही. तार जितकी लांब आणि बारीक, तितका तिचा रोध अधिक. आणि प्रवाह जितका मोठा, तितका त्या रोधात दाब अधिक खर्ची पडतो. बागेची तार म्हणजे ह्याच लाइनीची लहान आवृत्ती. फरक इतकाच की लाइनीवर २३०पैकी ४ व्होल्ट गेले तर कोणास कळतही नाही. १२पैकी ४ गेले तर उरते काय?

एक उदाहरण मांडून पाहू. पेटीपासून ३० मीटर अंतरावर एकूण ६० वॅटांचे दिवे आहेत आणि तार १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे, जी घरगुती जोडणीत सर्रास वापरतात. अशा लवचीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१३३ ओहम. प्रवाहाला जावयाचे आणि परत यावयाचे, म्हणून लांबी ६० मीटर धरावयाची. रोध झाला ०.८ ओहम. दाब १२ व्होल्ट असता ६० वॅटांसाठी प्रवाह ५ अँपिअर. तारेत खर्ची पडणारा दाब ५ गुणिले ०.८, म्हणजे ४ व्होल्ट. दिव्यांपाशी ८ व्होल्ट पोचतात. एक तृतीयांश दाब वाटेतच गेला.

आता तेच दिवे २४ व्होल्टांचे घ्या. प्रवाह निम्मा, २.५ अँपिअर, खर्च २ व्होल्ट, दिव्यांपाशी २२. चोविसातले दोन म्हणजे बारावा हिस्सा. दाब दुप्पट केल्याबरोबर प्रमाणाने होणारी घट एक चतुर्थांशावर आली. ह्याच अंतरासाठी ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर रोध सुमारे ०.३ ओहम भरतो. १२ व्होल्टांवर घट दीड व्होल्ट, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या घरात, आणि २४ व्होल्टांवर पाऊण व्होल्ट, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. दिवे एकाच टोकाला नसून वाटेवर सारख्या अंतराने पसरलेले असतील तर शेवटच्या दिव्यापर्यंतची घट साधारण निम्मी होते. तरीही निष्कर्ष बदलत नाही: पाच-सात मीटरांच्या अंगणाला बारा व्होल्ट पुरतात, शेतघराच्या लांब वाटेला चोवीस हवेत. तांब्याचा भाव पाहता जाड तार घेण्यापेक्षा दाब वाढविणे स्वस्त पडते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. साध्या एलईडी पट्टीला कमी दाब मिळाला तर ती मंद होते. शेवटची पट्टी फिकी दिसली की दोष सहज ओळखू येतो. परंतु काही दिव्यांच्या आत स्वतःचे नियंत्रक मंडल असते आणि ते वॅट कायम राखू पाहते. दाब घटला की असा दिवा अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे तारेतील घट आणखी वाढते, आणि एका मर्यादेनंतर दिवा फिका न होता उघडझाप करू लागतो. लक्षण निराळे, कारण तेच. पेटीची जागा बदलून ती दिव्यांच्या मध्यावर आणली आणि तेथून दोन-तीन शाखा काढल्या, तर पुष्कळदा नवे काही विकत न घेता काम भागते.

दुसरा प्रश्न आत येणाऱ्या विजेचा. लोखंडी गाभ्याचे रोहित्र प्रामाणिक असते, पण त्याचा प्रामाणिकपणाच येथे नडतो. आत २३०च्या ऐवजी १८० व्होल्ट आले तर ते १२च्या ऐवजी ९.४ देणार, आणि दाब २७०वर गेला तर १४ देणार. शिवाय भार हलका असला की त्याचा दाब छापील आकड्याच्या वर जातोच. भर दुपारी आणि मध्यरात्री लाइनीवरील भार पालटतो, लाइट जाते आणि परत येते. (लाइट हा शब्द आपल्याकडे दिवा आणि पुरवठा ह्या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि कोणाचाही कधी गोंधळ होत नाही, प्रत्येक द्व्यर्थी शब्द घातकच असतो असे नव्हे.) स्थिरदाब पेटी हे चढउतार सोशिते, तिच्यावर आत येणाऱ्या दाबाची मर्यादा छापलेली असते ती मात्र पाहून घ्यावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ह्या डोंगराळ भागात विजा पडतात, त्या वेळी लाइनीवर येणारी उसळी इलेक्ट्रॉनिक पेटीला लोखंडी रोहित्रापेक्षा अधिक बाधते. म्हणून मुख्य फलकावर उसळीरोधक साधन बसविण्याचा खर्च टाळू नये.

ह्यामुळे दुरुस्तीच्या सोयीचा विचार करणाऱ्या वायरमनला जुने जड रोहित्र प्रिय असते, आणि त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. ज्या बागेत प्रत्यावर्ती १२ व्होल्टांवर चालणारे दिवे आधीच आहेत, अंतरे लहान आहेत आणि पुरवठा बरा आहे, तेथे ते आजही वीस वर्षे चालेल. फक्त त्याचा आकार ठरविताना वॅट आणि व्होल्ट-अँपिअर ह्यांत भेद करावा लागतो. रोहित्रावर छापलेला आकडा व्होल्ट-अँपिअरचा, दिव्यावरचा वॅटचा. हॅलोजनच्या काळी हे दोन आकडे एकच होते, म्हणून कोणी त्यांची चौकशी केली नाही. स्वस्त एलईडी दिव्याचा शक्तिगुणक ०.६ इतका खाली असू शकतो. तेव्हा ६० वॅटांच्या अशा दिव्यांना १०० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र लागते. ‘साठाला साठ’ हा बाजारी हिशेब येथे फसतो.

स्थिरदाब पेटीचा हिशेब सोपा आहे. दिव्यांचे वॅट मिळवावेत आणि ती बेरीज पेटीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक होऊ देऊ नये. ६० वॅटांना ७५ची पेटी पुरते. पुढे चार दिवे वाढणार असतील, आणि बागेत ते वाढतातच, तर १००ची घ्यावी. मोठी पेटी दिव्यांना जास्त वीज ‘ढकलते’ ही समजूत निराधार आहे. दिवा स्वतःला लागेल तेवढाच प्रवाह घेतो. उष्णता हे मात्र खरे संकट आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांना टेकतो, आणि पाण्यापासून रक्षण म्हणून पेटी हवाबंद खोक्यात कोंडली की आतील तापमान त्याहूनही चढते. अशा पेट्यांतील धारित्रांचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीस साधारण निम्मे होते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. तेव्हा खोके सावलीत, भिंतीवर, जमिनीपासून पुरेसे उंच असावे, आणि तारांची तोंडे नीट बुजवावीत. पाली आणि मुंग्या ह्यांना उबदार खोके आपल्यापेक्षा लवकर सापडते.

पावसाचा विचार शेवटी ठेवला तो त्याचे महत्त्व कमी म्हणून नव्हे. जून ते सप्टेंबर ह्या काळात ह्या तालुक्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होणे ही नित्याची गोष्ट आहे. पेटीवर ‘आयपी’ ह्या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. २० म्हणजे फक्त घरात वापरावयाची. ६५ पाण्याच्या फवाऱ्यास टिकते. ६७ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरते. पण ती अर्ध्या तासाची परीक्षा आहे, चार महिन्यांच्या चिखलाची नव्हे. म्हणून ६७ची पेटीही जमिनीत पुरू नये.

पण पाण्याहून महत्त्वाचा प्रश्न विलगतेचा, आणि तो पेटीकडे पाहून उमजत नाही. अल्पदाब सुरक्षित असतो हे वाक्य अर्धवट आहे. १२ किंवा २४ व्होल्ट तेव्हाच सुरक्षित, जेव्हा त्या तारांचा २३० व्होल्टांच्या बाजूशी कोठेही प्रत्यक्ष विद्युत्संबंध नसतो. दोन वेटोळ्यांच्या सुरक्षा-रोहित्रात तो नसतो. दोहोंमध्ये केवळ चुंबकत्वाचे नाते असते. परंतु एकाच वेटोळ्यातून मधूनच तार काढलेली रोहित्रेही असतात, आणि घरोघरी असणारे बरेचसे दाबनियामक, म्हणजे स्टॅबिलायझर, ह्या जातीचे असतात. काही स्वस्त एलईडी ड्रायव्हरही विलग नसतात. छताच्या बंद दिव्यात ते चालून जातात, बागेत नाही. अशा पेटीच्या बाहेर पडणाऱ्या दोन तारांमध्ये २४ व्होल्ट मोजले जातील, पण त्यांतील एक तार आणि ओली जमीन ह्यांमध्ये जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट असू शकतील. मापक दोन तारांना लावणाऱ्यास ते दिसणार नाहीत. गवतावर उभा असलेल्या माणसाच्या देहाला जाणवतील.

म्हणून पेटीवरील मजकूर एखाद्या वाक्यासारखा वाचावा लागतो. पाण्याच्या लाटेसारखी आडवी खूण प्रत्यावर्ती प्रवाहाची. सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा, ही दिष्ट प्रवाहाची. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी निरोधन. ‘एस. ई. एल. व्ही.’ ही चार अक्षरे बाहेर पडणारा दाब अल्प असून मुख्य पुरवठ्यापासून सुरक्षितपणे विलग आहे असे सांगतात. बागेच्या पेटीवर ती नसतील तर पेटी परत करावी. एलईडीच्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांना भारतीय मानक १५८८५, भाग २, विभाग १३ लागू होते आणि त्यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक मानकाच्या क्रमांकाजवळ असतो. हौदातल्या दिव्यांचा नियम आणखी कडक: आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाण्याच्या आत प्रत्यावर्ती १२ किंवा दिष्ट ३० व्होल्टांच्या वर जाता येत नाही, आणि पुरवठ्याची पेटी हौदाच्या परिसरापासून निश्चित अंतराबाहेर ठेवावी लागते. ह्या सर्वांखेरीज २३० व्होल्टांच्या बाजूवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच हवा. पेटीकडे जाणारी तार फावड्याने कापली गेली तर बागेच्या बाजूची विलगता तेथे उपयोगी पडणार नाही.

दुकानातील संवादात ह्यांपैकी एकच प्रश्न ऐकू येतो: “लोड किती आहे, शेठ?” प्रश्न योग्यच आहे, पण त्याच्या पाठोपाठ “शेवटचा दिवा किती लांब?” हा दुसरा प्रश्न येत नाही, आणि ग्राहकही तो आपण होऊन सांगत नाही. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात रस वाटावा असे हे की प्रश्न न विचारण्याचे कारण अज्ञान नसते. डीपीपासून दूरच्या घराचा दाब पडतो हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नाव फक्त पेटीचे आहे, तारेचे नाही, म्हणून तारेचा विचार त्या नावाच्या कक्षेतच येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सिद्धगडाच्या परिसरात काजव्यांचा हंगाम असतो. मुरबाड तालुक्यातील हा भाग भीमाशंकर अभयारण्यात मोडतो, आणि शहापुराकडे तानसा अभयारण्य आहेच. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या लुकलुकण्याने ओळखतात. कृत्रिम उजेडात ती खूण हरवते. रानालगतच्या बागेसाठी पेटी घेताना तिच्या २३० व्होल्टांच्या बाजूवर कालनियंत्रक बसविण्याची सोय करावी, आणि ते तीन-चार आठवडे दिवे बंद ठेवावेत.

परिभाषेबद्दल प्रस्तुत लेखकाची सूचना माफक आहे. ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द बाजारातून हटणार नाही आणि हटविण्याचे कारणही नाही. त्याच्या मागे विशेषणे लागली पाहिजेत: विलग, स्थिरदाब, स्थिरप्रवाह, दिष्ट, प्रत्यावर्ती. ही पाचही शब्दरूपे मराठीस परकी नाहीत. शेवटची दोन शाळेच्या पुस्तकांतून परिचित आहेत. पेटीवरील छापील मजकूर इंग्रजीत असतो आणि दोन पावसाळ्यांत पुसट होतो. तेव्हा खोक्याच्या झाकणाला आतून एक मराठी चिठ्ठी चिकटवावी, आणि पुढे जो वायरमन ते झाकण उघडेल त्याच्यासाठी तीवर ठळक अक्षरांत लिहावे: “स्थिरदाब, विलग. बाहेर दिष्ट २४ व्होल्ट, क्षमता १०० वॅट. जोडलेले दिवे १२, एकूण ६० वॅट. तार ४ चौ. मि. मी., शेवटचा दिवा ३० मीटर. बदलताना हीच जात घ्यावी. बारा व्होल्टची पेटी किंवा स्टॅबिलायझर जोडू नये.”